उडी कोण मारणार

आमच्या बोट-क्लबात एक रीत आहे. कुणी आपली बोट पहिल्याच खेपेला, न आदळता, आरडाओरडा न करता बेटाच्या खडकाला लावली, की शेजारच्या बोटीत बसलेला माणूस कॉफीचा कप जरासा उचलून म्हणतो, "छान लावलीस." एवढंच. आम्हा स्वीडिश लोकांना कुणाची तारीफ करायची म्हणजे जिवावर येतं, त्यामुळे या दोन शब्दांना फार भाव आहे. ते ऐकायला माणसं सगळा हिवाळा काढतात.

हे शब्द म्हणायचे ते सुकाणू धरणाऱ्याला. तो मागे बसून नांगर टाकतो आणि बोट हळूहळू खडकाकडे नेतो. पुढे बोटीच्या नाकावर दुसरं कुणीतरी दोर घेऊन उभं असतं. बोट खडकाला टेकायच्या आत त्यानं खडकावर उडी मारायची, बोट रेटून धरायची आणि दोर नेऊन पाइनच्या बुंध्याला बांधायचा. हे दुसरं कुणीतरी म्हणजे बहुतेक बोटींवर बायको. तिला कुणी काही म्हणत नाही. असं का, ते मला विचारू नका. मी, सिक्स्टेन, निवृत्त बसड्रायव्हर आणि साधा मोटारबोटवाला. शिडाच्या बोटीवाल्यांची शास्त्रं मला कधी कळली नाहीत. माझ्या बोटीला उतरायला पायऱ्या आहेत.

पण उडीचा विषय निघाला की मला बारब्रू आठवते.

बारब्रू मूळची समुद्राकाठची नव्हे. ती दूर आतल्या जंगलातली. बाप लाकडाच्या गिरणीत कामाला. घराच्या चारी बाजूंना झाडं, शाळेच्या चारी बाजूंना झाडं, रविवारी फिरायला जायचं तेही झाडांतच. दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली म्हणून ती आमच्या गावात आली. डॉक्टर दात कोरायचा, ही शेजारी उभी राहून नळी धरायची. लोक डॉक्टरला घाबरायचे आणि बारब्रूचा हात धरायचे. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा मी तिचा हात इतका आवळला, की पुढे कितीतरी दिवस मी दिसलो की ती हात कोटाच्या खिशात घालायची.

तिचा नवरा एव्हर्ट गावचा ड्रायव्हिंग मास्तर. अर्ध्या गावाला गाडी त्यानं शिकवली, त्यात माझी मुलगीही आली, आणि तिला शिकवून जो माणूस शहाणा राहिला त्याच्या सहनशक्तीबद्दल मी काही बोलणार नाही. गोड माणूस. पण शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि एव्हर्टचा सगळा शांतपणा त्या ब्रेकवर उभा होता. घरची गाडी बारब्रू चालवत असली, तरी शेजारी बसलेल्या एव्हर्टचा उजवा पाय खाली काहीतरी चाचपत असायचा. बोटीला ब्रेकच नसतो. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांची छोटी शिडाची बोट खडकाजवळ आली, तेव्हा तो म्हणाला, "तू पुढे हो, मी मागचं बघतो." ती पुढे गेली आणि पुढेच राहिली. मुलं झाली, मोठी झाली, त्यांना मुलं झाली, आणि बारब्रू आपली दर उन्हाळ्यात बोटीच्या नाकावर, हातात दोर.

आणि बाई उडी काय मारायची. एव्हर्ट मागून "आता" म्हणायचा, तेव्हा ती कधीच हलायची नाही. जराशी थांबायची, खडकाकडे बघायची, आणि मग घरातला उंबरठा ओलांडावा तशी खाली उतरायची. शेवाळ असो, पाऊस असो, पडली म्हणून कधी नाही. त्यांच्या बोटीला एक ओरखडा नव्हता. मग आम्ही कप उचलायचो. "छान लावलीस, एव्हर्ट."

"होतं आपलं," एव्हर्ट म्हणायचा, आणि आनंद लपवायला दोर गुंडाळत बसायचा.

मग बारब्रूचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाला, चाला, सायकल चालवा, नाचायचं असेल तर नाचा, उडी तेवढी मारू नका.

क्लबानं निकाल द्यायला वेळ लावला नाही. शिडाची बोट विका, छोटी मोटारबोट घ्या. यात सगळ्यात पुढे मी होतो, हे सांगायलाच हवं. आमच्या धक्क्यावर शिडवाल्यांची गर्दी आणि मोटारवाला मी एकटा. मला सोबत हवी होती. एव्हर्टनं शरद ऋतूत जुनी बोट एका तरुण जोडप्याला विकली. डोलकाठीवर हात ठेवून तो असा काही उभा राहिला, की क्लबातल्या बायकांचे डोळे भरून आले. "बायकोसाठी किती करतोय हा माणूस." त्या हिवाळ्यात एव्हर्ट जिथं जाईल तिथं त्याची पाठ थोपटली जात होती. गुडघा बारब्रूचा होता, ही गोष्ट जराशी मागे पडली.

मोटारबोट मीच शोधून दिली. सहा मीटरची, जवळजवळ नवी, पुढे काच, गादीच्या दोन खुर्च्या, आणि नाकावर दोन पायऱ्या, आजीबाईंनीसुद्धा पर्स घेऊन उतरावं अशा. मी बारब्रूला तिचे फोटो दाखवले. ती श्वास आत ओढून "हं" म्हणाली. आमच्याकडे बायका हे असं "हं" म्हणतात तेव्हा पुढं काही विचारायचं नसतं. मी आपला तो होकार धरून चाललो, एव्हर्टनंही धरला.

एप्रिलमध्ये सगळ्या बोटी किनाऱ्यावर टेकूंवर उभ्या असतात आणि माणसं खाली आडवी होऊन बुडाला रंग लावत असतात. मीही लावत होतो. एव्हर्ट आणि बारब्रू मला कॉफी घेऊन आले होते. माझ्या शेजारी होल्गरची शिडाची बोट होती. होल्गर म्हणजे क्लबातला सगळ्यात म्हातारा माणूस, ऐंशी ओलांडलेला. कानानं कमी, बाकी सगळ्यानं जास्त. त्याची बोट छत्तीस फुटी, जुनी, रुंद पाठीची, पोलंडपर्यंत जाऊन आलेली. आता शीड ओढवत नाही म्हणून तो ती विकत होता, पण गिऱ्हाइकांना हाकलूनही देत होता. "याला बोट नकोय, याला पाण्यावर बाल्कनी हवीय," म्हणायचा.

बारब्रू त्या बोटीखाली उभी राहून वर बघत होती. बराच वेळ बघितल्यावर तिनं विचारलं, "होल्गर, ही बाहेर कशी चालते?"

"बाहेर म्हणजे?"

"बेटं संपल्यावर. उघड्यावर."

"बेटं संपल्यावरच ती खरी चालायला लागते," होल्गर म्हणाला. "आत नुसती कंटाळते."

बारब्रूनं कप माझ्या रंगाच्या डब्यावर ठेवला आणि एव्हर्टकडे वळली. "मला ही हवी."

एव्हर्टला वाटलं, कॉफी. तो थर्मास पुढे करत होता.

"ही बोट," ती म्हणाली.

"बारब्रू," एव्हर्ट म्हणाला, शिकाऊ माणूस चुकीच्या गल्लीत वळला की जसा आवाज काढायचा तशा आवाजात. "बारब्रू, अगं, तुझा गुडघा."

"गुडघा उडी मारायला लागतो. सुकाणू धरायला हात लागतात. हात बरे आहेत माझे."

"मग उडी कोण मारणार?"

"तू."

माझा ब्रश खाली पडला. होल्गरला ऐकू कमी येतं, पण एवढं आलं. तो इतका हसला की त्याला टेकूला धरावं लागलं.

"अगं पण का?" एव्हर्टनं विचारलं. त्याला खरंच समजत नव्हतं. "सगळं ठरलंय. पायऱ्या आहेत त्या बोटीला."

"जंगलात वाढले मी," बारब्रू म्हणाली. "समुद्राकाठचा नवरा केला, म्हटलं आता तरी झाडांतून सुटका. आणि तू दर उन्हाळ्यात मला नेऊन पाइनच्या झाडांत उभी करतोस. नाक खडकाला, तोंडापुढे पाइन. मला एकदा बाहेर जायचंय, एव्हर्ट. चारी बाजूंनी बघितलं आणि कुठंच झाड दिसलं नाही, असं एकदा व्हायला हवं मला. त्या मोटारबोटीतून ते होणार नाही."

"विमानातून होईल," मी म्हणालो.

"तू रंग लाव, सिक्स्टेन."

जुनी मोठी शिडाची बोट आणि नवी छोटी मोटारबोट यांच्या किमतीत आमच्याकडे फारसा फरक नसतो, त्यामुळे पैशांवर ढकलून देता येईना. आणि दोन्ही घ्याव्या म्हटलं, तर धक्क्यावर एका घराला एकच जागा. एक तर ही, नाहीतर ती. एव्हर्टनं मान खाजवली आणि मास्तराला सुचेल तेच सुचवलं. "दोन्हींची परीक्षा घेऊ. रीतसर."

पहिली परीक्षा मोटारबोटीची. मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. बारब्रू मागे, शालीत, एव्हर्ट चाकावर, मी त्याच्या शेजारी, गिऱ्हाईक पटवणाऱ्या दलालासारखा बडबडत. गोसविकची खाडी, जिथं पोचायला त्यांच्या जुन्या बोटीला अर्धा दिवस लागायचा, तिथं आम्ही दालचिनीचे बन गरम असतानाच पोचलो. पायऱ्यांवरून उतरलो. कॉफी प्यालो. मग एकमेकांकडे बघितलं.

"आता?" एव्हर्टनं विचारलं.

"आता परत," मी म्हणालो. "हवं तर पुन्हा यायचं."

परतताना बनसुद्धा संपले नव्हते. धक्क्यावर मी बारब्रूला विचारलं, कशी वाटली.

"छान आहे," ती म्हणाली. "दवाखान्यात जायला-यायला उत्तम."

मला राग आला. खरंच आला. माझीही बोट तशीच आहे आणि मी तीत सुखानं जगतोय. पण नंतर वाटलं, मी चाकावर बसतो. मागच्या खुर्चीत शाल घेऊन बसायला मला कुणी सांगितलेलं नाही.

दुसरी परीक्षा मे महिन्यात, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीला. त्या दिवशी आमचा अख्खा क्लब पहिल्यांदा पाण्यात उतरतो आणि गोसविकला जमतो. मी लवकर पोचून, बोट लावून, लोणच्यातल्या हेरिंग माशांची बरणी उघडून बसलो होतो. आजूबाजूला सात-आठ बोटी. अशा वेळी येणाऱ्या प्रत्येक बोटीकडे सगळे बघत असतात आणि आपण बघत नाही असं दाखवत असतात.

दुपारी होल्गरची बोट खाडीच्या तोंडाशी आली. शिडं उतरवलेली, इंजिन हळू. मी दुर्बीण उचलली. सुकाणूवर बारब्रू होती. होल्गर तिच्यामागे नांगराशी, आरामात. आणि पुढे नाकावर, कठडा ओलांडून बाहेरच्या बाजूला, एका हातानं डोलकाठीची तार घट्ट धरून एव्हर्ट. नंतर कळलं की होल्गरनं निघतानाच सांगून टाकलं होतं, "जिला बोट हवी तिनं चालवायची. ज्याचा गुडघा चांगला त्यानं पुढे जायचं. नाहीतर उतरा."

कप ओठांपर्यंत जाऊन थांबले.

बारब्रू बोट आणत होती ती अशी, की तिचा चेहरा मला ओळखू येईना. दातांच्या दवाखान्यात बघितलेला, धक्क्यावर बघितलेला, पण हा नवाच. मान ताठ, डोळे पुढे. नांगर मागे पडला. बोट सरळ खडकाकडे, चालत्या माणसापेक्षाही हळू.

एव्हर्टचा उजवा पाय बोटीच्या फळीवर दाबला गेलेला मला दुर्बिणीतून स्पष्ट दिसला. अर्ध्या गावाला शिकवणारा पाय. तो पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबत होता.

"आता," बारब्रू म्हणाली.

एव्हर्ट हलला नाही.

"एव्हर्ट, आता."

तो खाली बघत होता. खाली पाणी, मग खडक, आणि मध्ये ती होल्गरच्या बोटीची उंची. बारब्रूनं शांतपणे बोट मागे घेतली.

दुसऱ्या खेपेला त्यानं डोळे मिटले असावेत असा मला संशय आहे. तो म्हणतो, नाही. पण उडी त्यानं मारली, हे मान्य करायला हवं. खडकावर चारी पायांवर उतरला, उठला, दोन पावलं पाइनकडे टाकली, आणि थांबला. त्यानं आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं.

दोर बोटीवर होता. कठड्यावरून लोंबत होता. आणि बोट सावकाश मागे चालली होती.

सात-आठ बोटींवर एकाही माणसाला काही दिसलं नाही. सगळ्यांना अचानक आपल्या कपात काहीतरी सापडलं. मी मात्र हसलो. मी बस चालवायचो, मला तेवढं वळण नाही.

"तिथंच थांब," बारब्रूनं एव्हर्टला सांगितलं. "कुठं जाऊ नकोस."

त्या खडकावर चार पाइन आणि एक सीगल होता. जायला जागाच नव्हती.

"मी पोहत येऊ का?"

"पाणी किती थंड आहे ठाऊक आहे ना? बस खाली."

तो बसला. होल्गरनं बारब्रूच्या हातात कॉफीचा कप दिला आणि म्हणाला, "घाई नाही. नांगर पक्का आहे." आणि मग त्या दोघांनी, तो खडकावर आणि ती बोटीत, मध्ये पाणी, अख्ख्या क्लबासमोर ती गोष्ट बोलून टाकली, जी घरात स्वयंपाकघराच्या टेबलाशी त्यांना बोलता आली नव्हती.

"फार उंच आहे गं ते," एव्हर्ट म्हणाला.

"हं."

"आपल्या जुन्या बोटीचं एवढं नव्हतं."

"होतं जवळजवळ. तू मागे बसायचास."

एव्हर्टनं खडकावरचं शेवाळ नखानं कोरलं. "आणि तू हे रोज करायचीस?"

"रोज. तुला जागा पसंत पडली नाही की दिवसातून दोन-तीनदा."

"मला वाटायचं, तू नुसती उतरतेस."

"वाटणारच. तू खडकाकडे बघत असायचास."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"जमत होतं, एव्हर्ट. चांगलं जमत होतं मला. जे जमतंय त्याबद्दल काय बोलायचं? आता जमत नाही, म्हणून बोलतेय." तिनं कप खाली ठेवला. "त्या मोटारबोटीत मी तू नेशील तिथं येईन. पायऱ्यांवरून उतरीन, पायऱ्यांवरून चढीन. बोट चांगली आहे, सिक्स्टेन, वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही वाटत," मी माझ्या बोटीतून म्हणालो. वाटत होतं.

"पण मला सामान नाही व्हायचं. गुडघा गेला, बाकीची मी आहे ना अजून. आज सकाळपासून मी ही चालवतेय आणि मला इतका आनंद झालाय की मला लाज वाटतेय. तू भितोस ते दिसतंय मला. मीही भ्यायचे पहिल्या उन्हाळ्यात. मग सवय होते."

एव्हर्टनं बोटीचं उंच नाक पुन्हा एकदा डोळ्यांनी मापलं. सीगल त्याच्याकडे बघत होता.

"मी पडलो तर?"

"भिजशील," होल्गर म्हणाला. हेही त्याला ऐकू आलं.

"तू 'आता' जरा लवकर म्हणतेस," एव्हर्ट बारब्रूला म्हणाला.

"तूही लवकर म्हणायचास."

"मग तू काय करायचीस?"

"तुझं ऐकायचे नाही."

यावर मात्र सगळी खाडी हसली. कप, शिष्टाचार, सगळं बाजूला ठेवून हसली. एव्हर्टही हसला, आणि उठून खडकाच्या कडेला आला, बाह्या वर सारल्या आणि हात पुढे केला. "आण परत. आणि ब्रेक..." तो थांबला. "आण. तुला ठाऊक आहे."

तिसऱ्या खेपेला तिनं बोट इतकी अलगद आणली, की लोंबणारा दोर त्याच्या हातात आपसूक आला. त्यानं तो पाइनला बांधला तो असा, की नंतर सोडवायला होल्गरला पक्कड आणावी लागली. तीन खेपा झाल्या म्हणून कुणी कप उचलला नाही. नियम म्हणजे नियम. पण एव्हर्ट बोटीशी परत आला, तिच्या नाकावर हात ठेवून उभा राहिला आणि होल्गरला म्हणाला, "आम्ही घेतो."

"तुला कोण विचारतंय?" होल्गर म्हणाला. "मी सकाळीच हिला दिली."

जूनमध्ये ती छत्तीस फुटी बोट त्यांच्या जागेवर आली. मी शोधलेली मोटारबोट फुकट गेली असं मी चार दिवस तोंड पाडून सगळ्यांना सांगत होतो. पाचव्या दिवशी ती माझ्या शेजारच्या जागेवर येऊन उभी राहिली, आणि तिच्या गादीच्या खुर्चीत होल्गर बसला होता. "बघतोस काय?" तो म्हणाला. "मला दवाखान्यात जावं लागतं." तेव्हापासून आम्ही दोघं गोसविकला एकत्र जातो आणि शिडवाल्यांची टिंगल करतो. त्याला त्यांची सगळी गुपितं ठाऊक आहेत.

जुलैत एव्हर्ट आणि बारब्रू ओलांडच्या बेटांकडे निघाले, उघड्या समुद्रातून. एव्हर्टनं मला नंतर सांगितलं. आमचा किनारा मागे बुडाला होता आणि पुढचा अजून वर आला नव्हता, तेव्हा बारब्रूनं सुकाणू त्याच्याकडे दिलं. ती मधोमध उभी राहिली, एका हातानं डोलकाठी धरली, आणि तिच्याभोवती हळूहळू एक पूर्ण फेरी मारली. मग म्हणाली, "एकही नाही." आणि खाली बसून रडली, आणि रडता रडता बन खाल्ला. एव्हर्टला काय बोलावं कळेना, म्हणून त्यानं सुकाणू नीट धरलं. हे सांगताना तो माझा गुंडाळलेला दोर पुन्हा गुंडाळायला लागला, तेव्हा मी उठून उगीच माझं इंजिन तपासायला गेलो.

ऑगस्टमध्ये ते परत आले. त्या शनिवारी क्लबाची झिंग्यांची मेजवानी होती, सगळे गोसविकला, प्रत्येकाच्या डोक्यावर या मेजवानीला घालायचा कागदी टोप. मी आणि होल्गर शेजारी शेजारी बसून झिंगे फोडत होतो. आणि ती बोट खाडीत आली.

मागे बारब्रू एकटी. नांगरही तिचा, सुकाणूही तिचं. उन्हानं नाक सोललेलं. पुढे नाकावर एव्हर्ट, आणि दोर त्याच्या मनगटाला दोन वेढे देऊन, हा धडा तो विसरणार नव्हता. मी त्याच्या उजव्या पायाकडे बघितलं. पाय नुसता उभा होता.

"आता," बारब्रू म्हणाली.

एव्हर्ट हलला नाही. जरासा थांबला, खडकाकडे बघितलं, आणि मग उतरला. बोट रेटून धरली, दोर पाइनला नेला. कुठं टक आवाज नाही.

मी कप उचलला. "छान लावलीस, बारब्रू."

तिचा चेहरा लाल झाला, सोललेल्या नाकासकट. पण ती "होतं आपलं" म्हणाली नाही. म्हणाली, "लावली मी. उडी त्यानं मारली. त्यालाही सांग."

हे आमच्या रीतीत बसत नव्हतं. मी होल्गरकडे बघितलं, होल्गरनं झिंगा खाली ठेवला, आणि मग आम्ही दोघांनी, नंतर शेजारच्या बोटींनीही, कागदी टोपांसकट कप उचलले. "छान मारलीस, एव्हर्ट."

एव्हर्ट पाइनपाशी दोर हातात धरून उभा होता. इतकी वर्षं खाडीची शाबासकी घेऊन सरावलेला माणूस, पण या शाबासकीचं काय करावं ते त्याला कळेना. त्यानं आमच्याकडे बघितलं, मग बोटीकडे, मग बोटीच्या त्या उंच नाकाकडे, जिथं तो मघाशी उभा होता.

"हे तुला कधी कुणी म्हटलं नाही, नाही का गं?" त्यानं विचारलं.

"नाही," बारब्रू म्हणाली.

एव्हर्टनं डोक्याला टोप नव्हता तरी तो काढल्यासारखा हात नेला, आणि सगळ्या खाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "छान मारायचीस, बारब्रू. सगळ्या वर्षांची म्हणतोय मी. फार छान मारायचीस."

बारब्रूनं खाली वाकून दोर गुंडाळायला घेतला.

"होतं आपलं," ती म्हणाली.